अकरा माणसं, एक चेहरा

उपासना रामटेके कॉपरहेड्समध्ये नोकरीला लागली, तेव्हा त्या संघाची पार रया गेलेली होती. चँडलर शहरातल्या दुकानांतून त्यांच्या टोप्या दाराजवळच्या टोपलीत पडून असायच्या, कोणी फुकटही नेत नसे. अमेरिकेतला हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. एका संघाने लांबुळका चेंडू घेऊन पुढे सरकायचं, दुसऱ्याने त्याला अडवायचं. अडवणाऱ्यांना डिफेन्स म्हणतात, आणि कॉपरहेड्सचा डिफेन्स तर कोणालाच अडवत नव्हता. मोठमोठी माणसं जिवाच्या आकांताने धावायची, तोंडावर पडायची आणि मागे वळून बघायची, तोवर समोरचा गडी चेंडू घेऊन रेषेपार गेलेला असायचा.

उपासनाचं काम होतं हे सगळं पुन्हापुन्हा बघायचं. झालेल्या सामन्याचं चित्रण तुकड्यातुकड्यांनी तपासायचं, कोण कुठे उभा होता, कुठे गेला, कुठे जायला हवा होता हे टिपायचं आणि प्रशिक्षकांपुढे आकडे मांडायचे. त्या खोलीत ती सोडून सगळे पुरुष होते, आणि तिच्याखेरीज सगळे लहानपणापासून हा खेळ खेळत आलेले होते. वाईट कोणीच वागत नसे. दार उघडून धरायचे, कॉफी विचारायचे. पण ती आत आली की चालू असलेला विनोद अर्ध्यावर तुटायचा आणि ती बाहेर गेली की पुढे चालू व्हायचा.

ती मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. वडील, जगन्नाथ रामटेके, कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवायचे. उपासनाला दमा, त्यामुळे ती मैदानाच्या कडेला बसून गुण सांगायची. वडील म्हणायचे, "चढाई करणारीचं नाव होते पोरी, पण सामना पकडणाऱ्याच जिंकतात." वडील गेले ती बारावीत असताना. पुढे संख्याशास्त्र घेऊन ती अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी आली. एका अपार्टमेंटमध्ये चौघी जणी, विद्यापीठाच्या बसमधून येणंजाणं, आणि तूरडाळ संपली की कोणाची तरी गाडी मागून लांबच्या गावची वारी. शनिवारी मात्र सगळं गाव एकाच दिशेने चालू लागायचं, स्टेडियमकडे. एकदा मैत्रिणीला ताप आला म्हणून तिचं तिकीट उपासनाला मिळालं. कानाच्या पाळ्या दुखतील अशी थंडी होती. सगळे चेंडूकडे बघत होते आणि ही अडवणाऱ्यांकडे बघत बसली. त्या दिवशी जे वेड लागलं ते लागलंच.

लग्न झालं प्रफुल्लशी. तोही नागपूरचाच, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. दोघांची ओळख तिकडच्या आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात झाली होती. मुलगी झाली, तिचं नाव अनिका. उपासना एका विमा कंपनीत आकडेमोड करायची आणि फावल्या वेळात इंटरनेटवर फुटबॉलच्या डिफेन्सबद्दल लिहायची. ते कोणी वाचत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. एक दिवस लांब चँडलरहून, कॉपरहेड्सकडून, नोकरीसाठी ईमेल आलं.

तिने ते आठवडाभर कोणालाच सांगितलं नाही. शेवटी प्रफुल्लनेच विषय काढला. "तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी आहे. सांग."

तिने सांगितलं. तो बराच वेळ भांडी पुसत राहिला. मग म्हणाला, "जा तू."

"आणि अनिका?"

"ती राहील माझ्याकडे. शाळा आहे, मैत्रिणी आहेत. दोन वर्षं करून बघ. नाही गेलीस ना, तर जन्मभर माझ्याकडे बघितलं की तुला तेच आठवेल."

असं दोन वर्षांचं ठरलं. अनिका तेव्हा दुसरीत होती.

चँडलरला तिने एका खोलीचं घर घेतलं. खिडकीतून वाळवंटातली झुडपं आणि शेजारच्या कॉम्प्युटर चिप फॅक्टरीची पांढरी भिंत दिसायची. उन्हाळ्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता यायचा नाही. रेडमंडच्या पावसाला ती नऊ वर्षं शिव्या देत आली होती, आता कोणाच्या फोनवर मागे पाऊस ऐकू आला तरी ती बोलायचं सोडून तो ऐकत राहायची. रोज संध्याकाळी ती अनिकाला व्हिडिओ कॉल करायची. पहिले काही महिने अनिका फोन घेऊन घरभर फिरायची, मांजर दाखवायची, पडलेला दात दाखवायची. पुढे ती फोन टेबलावर टेकवून चित्र काढत बसू लागली. उपासनाला तिचा भांग तेवढा दिसायचा.

पहिलं वर्ष हरण्यातच गेलं. डिफेन्सच्या प्रमुखाला काढून टाकलं आणि त्याच्या जागी वेंडेल प्रूइट नावाचा माणूस आला. साठीच्या घरातला, उंच, जरा वाकलेला. ओहायोमधल्या एका लहान गावात तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि शाळेच्या संघाला फुटबॉल. नंतर लहानसहान कॉलेजं. धंदेवाईक संघात पहिल्यांदाच येत होता. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली.

पहिल्याच बैठकीत त्याने पडद्यावर दोन फोटो शेजारीशेजारी लावले. दोन्हींत अकरा माणसं उभी होती. "यातला फरक सांगा," तो म्हणाला.

खेळाडू बघत राहिले. कोणी म्हणालं, उजवीकडचा जरा पुढे आहे. कोणी म्हणालं, नाही.

"फरक नाहीच," वेंडेल म्हणाला. "पण पहिल्या फोटोनंतर हे दोघे मागे पळाले. दुसऱ्यानंतर यातला एक पुढे धावत आला, आणि हा दीडशे किलोचा गडी, ज्याचं काम धडक मारणं, तो उलटा मागे सरकला. चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक, तो चेंडू हलायच्या आधी आपल्याकडे बघून ठरवतो कुठे फेकायचं. त्याला आपण रोज सांगत आलो आहोत की आम्ही काय करणार. आता सांगायचं नाही. चेंडू हलेपर्यंत अकरा माणसं, एक चेहरा. मग तो चुकीचं ठरवेल, थांबेल आणि पुन्हा विचार करेल. त्याला फक्त विचार करायला लावा. तेवढ्यात आपले चौघे त्याच्यापर्यंत पोचतात."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती कोणालाच आवडली नाही. थोडंथोडं द्यायचं. चार पावलं घेतात, घेऊ द्या. चेंडू एकदम लांब नेणारी मोठी उडी मात्र मारू द्यायची नाही. हावरेपणाने पुढे धावायचं नाही.

टेरेन्स बूकर हा संघातला सगळ्यात जुना खेळाडू. त्याची जागा सगळ्यात मागची, त्या जागेला सेफ्टी म्हणतात. सगळे चुकले तर शेवटी अडवायला तोच. तो म्हणाला, "कोच, मी आजवर लोकांना घाबरवून पोट भरलं. आता पुतळ्यासारखा उभा राहू?"

"हो," वेंडेल म्हणाला. "अगदी थोडा वेळ. मग हवं तेवढं घाबरव."

खोलीत हशा पिकला, पण टेरेन्स हसला नाही.

हंगाम सुरू झाला आणि कॉपरहेड्स हरले. पुन्हा हरले. प्रेक्षक आता नुसते गप्प बसत नव्हते, ओरडत होते. चार-चार पावलं घेत समोरचा संघ आरामात पुढे सरकायचा आणि आपली माणसं शहाण्या मुलांसारखी उभी. रेडिओवर कोणीतरी म्हणालं की भूगोलाच्या मास्तरला नकाशा सापडत नाहीये. वेंडेलने ते ऐकलं असणार. तो नेहमीसारखा आपल्या खोलीत एकटा बसून सँडविच खात होता. उपासना आकडे घेऊन गेली तेव्हा त्याने तिला बसायला सांगितलं.

"तुला काय वाटतं, कल्पना चुकीची आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पण कोणाला तरी आपलं खोटं कळतंय. क्वार्टरबॅक थांबायला हवा तसा थांबत नाहीये."

"मग कुठे कळतंय ते शोध. समोरच्या संघात तुझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असेलच. त्याला सापडलं आहे. तुलाही सापडेल."

ती शोधत बसली. समोरच्या संघाचं चित्रण बघायचं सोडून स्वतःच्याच माणसांकडे, चेंडू हलायच्या आधीच्या क्षणांकडे. हात, खांदे, मान. काही दिवसांनी तिला दिसलं. टेरेन्स पुढे धावणार असला की त्याची डावी टाच किंचित वर यायची. मागे जाणार असला की दोन्ही पाय सपाट. प्रत्येक वेळी. अकरा जणांचा सगळा बनाव त्या एका टाचेमुळे उघडा पडत होता.

वेंडेल म्हणाला, "तूच सांग त्याला. माझं ऐकेल, पण मनात ठेवेल."

टेरेन्स व्यायामशाळेतून बाहेर येत होता. उपासनाने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. त्याचा चेहरा कठीण झाला.

"कधीपासून आहे हे?"

"माझ्याकडे जेवढं जुनं चित्रण आहे, तेवढ्या सगळ्यात आहे."

"म्हणजे वर्षानुवर्षं मी ओरडून सांगतोय, आलो आलो म्हणून." तो बाकावर बसला. डाव्या गुडघ्यावरून त्याने हात फिरवला. मग म्हणाला, "माझा गुडघा फाटला होता, डावा. तेव्हापासून असेल. त्या पायावर भार टाकून उभं राहायची भीती वाटते मला. हे डॉक्टरांनासुद्धा सांगितलेलं नाही."

"मी कोणाला सांगणार नाही," उपासना म्हणाली.

"तू इथे कोणाशी बोलतेस तरी का?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. तिने लॅपटॉप मिटला.

त्यानंतर सराव संपला तरी टेरेन्स मैदानावर एकटा थांबायचा. दोन्ही टाचा जमिनीला टेकवून उभा राहायचा, मनात आकडे मोजायचा, आणि धावायचा. पुन्हा यायचा, उभा राहायचा.

पुढचा सामना लीगमधल्या सगळ्यात नावाजलेल्या क्वार्टरबॅकविरुद्ध होता. उपासना स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीतून बघत होती. पहिल्या डावात तो गडी नेहमीप्रमाणे कॉपरहेड्सकडे बघून हसला, चेंडू हातात घेतला, फेकायला हात मागे नेला आणि थांबला. ज्या जागी कोणी नसायला हवं होतं तिथे टेरेन्स उभा होता. हात खाली आला, पुन्हा वर गेला आणि तेवढ्यात तो आडवा झाला. संध्याकाळपर्यंत तो इतक्यांदा पडला, की शेवटी शेवटी उठून कॉपरहेड्सच्या माणसांकडे असा बघायचा, जसं एखाद्याने ओळखीच्या गल्लीत शिरावं आणि घरच जागेवर नसावं. त्या दिवशी त्याच्या संघाला जेमतेम तीन गुण मिळाले.

मग कॉपरहेड्स जिंकतच गेले. हळूहळू प्रेक्षकांनाही थोडंथोडं देण्यातली गंमत कळली. आता समोरच्याने चार पावलं घेतली की स्टेडियम गप्प राहायचं, वाट बघायचं.

नागपूरहून आईचा फोन आला. तिला कोणीतरी व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली होती. "काय गं, तुमचे लोकं जिंकून राहिले म्हणे? काहून जिंकून राहिले एकदम?"

"आई, चढाई करणारीला आत येऊ देतात ना, ती बोनसच्या मोहात आत येते, आणि मग दोन्ही कोपऱ्यांतून साखळी बंद होते? तसंच."

"एवढंच?" आई म्हणाली. "हे तर तुझे बाबा इंदोऱ्यात पोरींना शिकवायचे." मग जरा थांबून, "अनिका काय म्हणते? बोलली का आज?"

"बोलली," उपासना म्हणाली. ती बोलली नव्हती.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चँडलरच्या मंडळींनी एक हॉल घेतला होता. त्या आठवड्यात सामना नव्हता म्हणून ती गेली. वंदना झाली, लहान मुलांनी भाषणं केली, अर्धी इंग्रजीत. जेवताना राजीव सोनटक्के, जो चिप फॅक्टरीत होता आणि मंडळाचं सगळं बघायचा, मोठ्याने म्हणाला, "अरे, आपल्या उपासनामुळे कॉपरहेड्स जिंकतायत यार! तिकिटांचं काय करतेस मग आमच्यासाठी?" सगळे हसले, तीही हसली. त्याची बायको कांचन तिच्या ताटात पुरी वाढता वाढता म्हणाली, "आणि मुलगी तिकडेच असते ना गं? कोण बघतं तिचं?"

"प्रफुल्ल."

"एकटा? नोकरी सांभाळून? बाई गं, ग्रेट आहे हं तुझा नवरा."

दोघीतिघींनी मान डोलावली. उपासनाही म्हणाली, खरंच ग्रेट आहे. निघताना कांचनने फॉइलमध्ये भाजी-पुरी बांधून दिली. घरी येऊन तिने ती उभ्याउभ्या, ओट्याशीच खाल्ली. टेबलाशी बसायचं म्हणजे समोरची खुर्ची दिसते.

डिसेंबरात अनिकाच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता, नेमका सामन्याच्या शनिवार-रविवारी. संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर, आणि अशा वेळी सुट्टी मागायला तिला धीर होईना. शेवटी वेंडेलच्या खोलीत जाऊन तिने एका दमात सांगून टाकलं.

"जा," तो म्हणाला. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"रविवारचे आकडे..."

"दुसरा कोणीतरी काढेल. वाईट काढेल. जा." मग चष्मा पुसत म्हणाला, "माझी बायको मेरियन शेवटच्या आजारात होती, तेव्हा मी सरावाला जायचो. ती म्हणायची, जा, मुलं वाट बघतायत. मला बरं वाटायचं तिने म्हटलं की. आता वाटतं, ती दुसरं काय म्हणणार होती?"

रेडमंडला पाऊस पडत होता. प्रफुल्ल विमानतळावर न्यायला आला. त्याने नवीन जॅकेट घेतलं होतं, ते तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. घरी तिचे पावसाळी बूट दाराजवळ नव्हते. गराजमध्ये, एका खोक्यात नीट पुसून ठेवलेले तिला सापडले.

कार्यक्रमाच्या आधी अनिका आरशासमोर बसली. उपासनाने कंगवा घेतला आणि तिचे केस हातात धरले. अनिकाने हळूच, अगदी अदबीने, कंगवा काढून घेतला. "आई, इट्स ओके. बाबा नोज हाउ."

प्रफुल्ल आला आणि त्याने डोक्यालगत घट्ट बसणाऱ्या दोन सुरेख वेण्या घातल्या. त्याचे हात सराईत होते. "यूट्यूबवर शिकलो," तो ओशाळून म्हणाला. उपासना म्हणाली, "छान घालतोस." आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

अनिका सुरेख गायली. तिसऱ्या रांगेत होती. गाताना ती प्रेक्षकांत कोणाला तरी शोधत होती. बाबाला शोधलं, सापडला, हसली. मग आईकडे बघूनही हसली.

रविवारी अनिकाला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. प्रफुल्ल तिला सोडायला गेला आणि तिकडेच इतर पालकांशी बोलत थांबला. उपासना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेवर बसून सामना बघत होती. टीव्हीवर खेळ तिला नीट दिसतच नव्हता, कॅमेरा सारखा चेंडूमागे. शेवटच्या क्षणी समोरच्याने लांब चेंडू फेकला तेव्हा टेरेन्स कुठे आहे तेच कळेना. मग तो कुठून तरी आला, हवेत उडाला आणि त्याने चेंडू झेलला. "धर!" उपासना ओरडली. रिकाम्या घरात तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

प्रफुल्ल परतला. "जिंकलात?"

"जिंकलो. बाद फेरीत गेलो."

"काँग्रॅट्स." तो तिच्या शेजारी बसला, मधे एक उशी होती. "उपासना, जूनमध्ये दोन वर्षं होतात."

"मी विचारणार आहे त्यांना, इकडून काम करू देतात का."

"विचार." तो बोटांकडे बघत होता. "पण एक सांगू? रागावू नकोस. आधी मी वाट बघायचो तुझी. रोज. आता नाही बघत. कधी थांबलो ते माझं मलाच कळलं नाही."

"अनिका?"

"तीही नाही बघत. तिला तू आवडतेस. पण आम्ही आता जमवलंय." तो म्हणाला, आणि मग त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. "तुझी काही चूक नाही यात. जा मीच म्हणालो होतो."

तिला भांडायचं होतं, पण कशाशी भांडावं ते सापडेना.

कॉपरहेड्स अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे हरले. तरी विमानतळावर हजारो लोक घ्यायला आले होते. त्याच आठवड्यात उत्तरेकडच्या, सरोवराकाठच्या एका शहरातल्या संघाने वेंडेलला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. खोकी भरताना त्याने उपासनाला विचारलं, "येतेस? तुला हवी ती जागा देतो."

तिने नकाशा आठवला. चँडलरहून रेडमंड विमानाने सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येत होतं. वेंडेलच्या नव्या शहरातून अख्खा दिवस गेला असता. "नाही जमणार," ती म्हणाली. रेडमंडहून काम करायचं तिने कॉपरहेड्सच्या साहेबांना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की इथे सगळ्यांबरोबर खोलीत बसणारं माणूसच लागतं. खोलीत ती कोणाबरोबर बसते, हे तिने विचारलं नाही.

उन्हाळ्यात ती आणि प्रफुल्ल वेगळे झाले. आरडाओरडा झाला नाही, नातेवाईकांना दोघांनी मिळून फोन केले. शाळा चालू असताना अनिका वडिलांकडे, सुट्टीत आईकडे. महिन्यातून एकदा उपासनाने जायचं. आईने नागपूरहून विचारलं, "मारत होता का तो?" "नाही आई." "पीत होता?" "नाही." आईजवळचे प्रश्न संपले होते.

वेंडेलची पद्धत तोवर सगळीकडे पसरली होती. लीगमधले निम्मे संघ ती खेळू लागले, कॉलेजवाले खेळू लागले. टीव्हीवरचे पंडित पडद्यावर बाण काढून ती समजावून सांगायचे, जणू पूर्वीपासून तशीच होती. टेरेन्सने खेळणं सोडलं. जाताना त्याने उपासनाला मिठी मारली आणि म्हणाला, "बोलत जा लोकांशी."

नोव्हेंबरात कॉपरहेड्सची गाठ वेंडेलच्या संघाशी पडली, चँडलरलाच. कॉपरहेड्सच्या मुख्य प्रशिक्षकाने उपासनाला बोलावलं. "त्याला तुझ्याइतकं कोणी ओळखत नाही. या आठवड्यात तू चेंडू घेऊन हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने बस. त्याचं मर्म कशात आहे?"

तिने चित्रण बघितलं. वेंडेलची माणसं पक्की होती, कोणाची टाच उचलली जात नव्हती. पण तिला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती चित्रणातून कळलेली नव्हती. मागच्या वर्षी एकदा सँडविच खाताना तो म्हणाला होता, "मुलं मोठा मार खाऊन आली ना, की पुढच्या खेपेला मी त्यांना खोटं बोलायला लावत नाही. सरळ उभे राहा म्हणतो. घाबरलेल्या माणसाला सोंग जमत नाही." शाळेतल्या पोरांपासूनची त्याची ती सवय होती. खरं तर सवय म्हणण्यापेक्षा माया होती.

दोन दिवस तिने ते कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते तिचं काम होतं, आणि कामाखेरीज तिच्याजवळ आता फारसं काही उरलं नव्हतं.

सामना दुपारचा होता. कॉपरहेड्सनी एकदा मोठी उडी मारली आणि लगेच, समोरचे सोंग न करता सरळ उभे असतानाच, दुसरी मारली. सगळं तिने सांगितल्यासारखं घडलं. नंतर तेच पुन्हा घडलं. खाली मैदानाच्या कडेला वेंडेल कंबरेवर हात ठेवून उभा होता. दुसऱ्या खेपेनंतर त्याने मान वर केली आणि थेट काचेच्या खोलीकडे बघितलं. इतक्या लांबून त्याला ती दिसणं शक्य नव्हतं.

सामना संपल्यावर ती खालच्या बोळात उभी राहिली. वेंडेल आला. वर्षभरात तो आणखी वाकला होता.

"ते मीच सांगितलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"चांगलं काम केलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण ती सवय मी सोडणार नाही हं. मुलं घाबरलेली असतात गं."

"सोडू नका," ती म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, माफी मागायची होती, वेगळं झाल्याचं सांगायचं होतं, इथे आता तिला कोणी बसायला सांगत नाही हेही. पण त्याची बस उभी होती आणि लोक त्याला हाका मारत होते. त्याने हात हलवला आणि तो गेला.

त्याच आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला अनिका आली. बोटभर उंच झाली होती. उपासनाने तिला आपलं ऑफिस दाखवलं, खुर्चीवर बसवून चित्रण लावून दिलं. अनिकाने अकरा माणसं उभी असलेली पाहिली, थोडा वेळ शहाण्यासारखी बसली, मग हळूच म्हणाली, "आई, कॅन वी गो टु द पूल?"

त्या गेल्या. पाणी गार होतं आणि बाहेर ऊन होतं. अनिका पाण्याखाली डोकं घालून श्वास धरायची आणि वर येऊन विचारायची, "हाउ लाँग?" उपासना काठावर पाय सोडून बसली होती, दर वेळी जरा वाढवूनच सांगत होती. रविवारी तिने अनिकाला विमानात बसवून दिलं. विमान ढगांत जाईपर्यंत ती पार्किंगच्या छतावर उभी राहिली. सोमवारी सकाळी पुढच्या संघाचं चित्रण आलेलं होतं. तिने ते सुरू केलं.